डोळ्यांवर राहील तोच गॉगल

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे. – संपादक)



काल रात्री एक वाजेपर्यंत आपण भेंड्या खेळत होतो आणि आज सकाळी नऊला संयोजकांनी मला गॉगलवर बोलायला उभं केलंय. पहिल्या तासाला कोण कुठल्या बाकावर बसून पेंगतं, हे बाईंना चाळीस वर्षांनीही बरोबर आठवतंय. तेव्हा मागच्या बाकांवर बसलेल्यांनी सांभाळून राहावं.

हाच विषय का, ते आधी सांगते. येत्या फेब्रुवारीत आपल्यापैकी चौदा जण गुलमर्गला निघालोय. बरोबर मुलं आहेत, दोन सुनाही आहेत, आणि त्यांतल्या सहा जणांनी स्नोबोर्डिंग शिकायचं ठरवलंय. आपल्या ग्रुपवर गेले दोन महिने जॅकेट, थर्मल, हातमोजे, बूट यांची चर्चा चाललीय. शेंगदाण्याची चिक्की किती किलो न्यायची यावर तर मतदान झालं. गॉगलबद्दल मात्र मला सगळ्या गप्पांत एकच वाक्य सापडलं : ‘तिथे भाड्याने मिळतो, नाहीतर माझ्याकडे महाबळेश्वरला घेतलेला आहेच.’ ते वाचलं आणि मी संयोजकांना फोन करून ही वीस मिनिटं मागून घेतली.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळे तपासून नंबर काढते आणि चष्मे करून देते. डोळ्यांची डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याबद्दल फारसं बोलणार नाही. आणि ही माझ्या दुकानाची जाहिरातही नाही, कारण बर्फातले गॉगल आम्ही ठेवत नाही. आपल्या गावात ते घेणार कोण?

स्नोबोर्डिंग म्हणजे नक्की काय, असं काल बाईंनी विचारलं. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन लांब पट्ट्या आणि हातात दोन काठ्या असतात. स्नोबोर्डिंगमध्ये एकच रुंद फळी असते, तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधलेले आणि हात मोकळे. माणूस आडवा उभा राहून, एक खांदा पुढे करून उतारावरून घसरत येतो. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणं केलं. त्यातून हा खेळ वाढत गेला आणि १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. आपल्या देशात गुलमर्ग, औली, सोलंग या ठिकाणी तो शिकायला मिळतो.

आता एक घडलेली गोष्ट. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मुलाची आहे. तिची परवानगी घेऊन सांगतेय, नाव सांगत नाही. कुणी ओळखलंत तरी गप्प बसा.

हा मुलगा बावीस वर्षांचा, हाडापेराने धडधाकट, गुलमर्गला बोर्ड शिकायला गेला. गॉगल भाड्याने घेतला. काळाकुट्ट, वरून निळ्या आरशासारखा चमकणारा. पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं, सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढग उतरले. त्या काळ्या काचेतून त्याला समोरचा उंचवटा दिसेना, खड्डा दिसेना. दोनदा जोरात आपटला. मग त्याने गॉगल हेल्मेटवर सरकवला आणि दहा ते दोन असे चार तास उघड्या डोळ्यांनी खेळला. ऊन नव्हतंच, त्यामुळे डोळ्यांना काही जाणवलं नाही. संध्याकाळी जेवला, पत्ते खेळला. रात्री अकरा वाजता डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, दिव्याकडे बघवेना, पापण्या उघडेनात. घाबरून त्याने आईला फोन केला आणि तिने मला.

डॉक्टरांनी सकाळी सांगितलं की हे बर्फामुळे आलेलं तात्पुरतं आंधळेपण आहे. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, उन्हात पाठ भाजावी तसा अतिनील किरणांनी भाजतो. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतो, त्यामुळे भाजतंय तेव्हा कळतच नाही. आपल्याकडे वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्या पोरांना रात्री जे होतं, ते हेच. साधारणपणे एक ते तीन दिवसांत ते भरून येतं. हा मुलगाही दोन दिवस पडदे लावून हॉटेलच्या खोलीत पडून राहिला आणि बरा झाला. पण आईचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ती म्हणाली, ‘अगं, गॉगल तर घेतला होता की त्याने!’

घेतला होता, खरंय. पण तो डोळ्यांवर नव्हता, हेल्मेटवर होता.

त्यानंतर मी लेकीबरोबर दोनदा गुलमर्गला गेले. उतारावर मी फार थोडा वेळ होते आणि तोही बहुतेक बसलेल्या अवस्थेत. उरलेला वेळ खाली चहाच्या टपरीजवळ बसून माणसं गॉगल केव्हा आणि का काढतात, ते बघत राहिले. सगळी मिळून चारच कारणं सापडली. एक, त्यातून नीट दिसत नाही. दोन, आतून वाफ धरते. तीन, टोचतो किंवा हेल्मेटशी जमत नाही. चार, खाली नंबरचा चष्मा मावत नाही. माझं आजचं सगळं बोलणं या चार कारणांभोवतीच आहे. जो गॉगल दिवसभरात काढायची पाळी येत नाही, तो योग्य. रंग, कंपनी, किंमत हे सगळं त्याच्या नंतरचं.

पण चारही कारणांच्या आधी एक अट आहे, तिच्यात तडजोड नाही. गॉगलने अतिनील किरण पूर्ण अडवले पाहिजेत. गुलमर्गचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा आपल्याला अफरवतच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेऊन सोडतो. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. त्यात भर बर्फाची. गवत किंवा माती या किरणांतले १० टक्केसुद्धा परत फेकत नाही, समुद्रकाठची कोरडी वाळू सुमारे १५ टक्के फेकते आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ऊन वरून येतं तसंच खालूनही येतं. टोपीची झड, भुवया, पापण्या हे देवाने दिलेलं छप्पर वरच्या उन्हासाठी आहे, खालून येणाऱ्याला ते अडवत नाही. महाबळेश्वरचा गॉगल बाजूंनी आणि खालून उघडा असतो, म्हणून तो तिथे चालत नाही. आणि पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण आरपार येतात, म्हणून ढगाळ दिवशी सुट्टी नसते.

इथे सरांना एक गोष्ट आठवेल. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण. आपण पाचवीत होतो. रस्ते ओस पडले होते. आदल्या दिवशी कुणीतरी काचेच्या तुकड्यावर कंदिलाची काजळी धरून आणली होती आणि सर ती काढून घेत म्हणाले होते, काच काळी आहे म्हणजे डोळा वाचला असं नाही. बर्फातल्या गॉगलला हेच लागू आहे. काळी काच दिसणारा प्रकाश कमी करते. अंधार झाला असं समजून डोळ्याची बाहुली मोठी होते. आता त्याच काचेने अतिनील किरण अडवले नसतील, तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते आत जास्तच जातात. उलट, पूर्ण पारदर्शक काचसुद्धा हे किरण अडवू शकते. चांगल्या गॉगलची काच पॉलिकार्बोनेट नावाच्या टणक प्लास्टिकची असते आणि ते प्लास्टिक मुळातच बहुतेक अतिनील किरण शोषतं. त्यामुळे घेताना ‘यूव्ही ४००’ किंवा ‘१०० टक्के यूव्ही’ असं लिहिलेलं बघा. त्याबरोबर मानकाची खूण बघा : युरोपच्या मालावर सीई आणि आयएसओ १८५२७ किंवा जुना ईएन १७४, अमेरिकी मालावर एएसटीएम एफ ६५९. शंका असेल तर चष्म्याच्या दुकानात न्या. बऱ्याच दुकानांत यूव्ही तपासायचं छोटं यंत्र असतं, मिनिटभराचं काम आहे.

आता पहिलं कारण, नीट न दिसणं. गाडीच्या काचेला काळी फिल्म लावल्यावर पोलिसांनी अडवलेले इथे दोघं-तिघं तरी असतील. नियम असा आहे की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५० टक्के. गॉगलच्या काचेलाही असाच टक्का असतो, त्याला व्हीएलटी म्हणतात. काचेतून किती प्रकाश डोळ्यापर्यंत येतो, तो हा आकडा. त्यावरून पाच वर्ग केलेत आणि ते गॉगलवर किंवा खोक्यावर एस अक्षराने छापलेले असतात. एस ० म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, जवळजवळ पारदर्शक. एस १ म्हणजे ४३ ते ८०, ढगाळ दिवसासाठी, बर्फ पडत असताना. एस २ म्हणजे १८ ते ४३, ऊन-सावलीच्या दिवसासाठी. एस ३ म्हणजे ८ ते १८, लख्ख उन्हासाठी. एस ४ म्हणजे ३ ते ८, उंच हिमनद्यांवरच्या प्रखर उजेडासाठी, तो घालून गाडी चालवू नये.

त्या मुलाचा गॉगल उन्हासाठी चांगलाच असेल, पण त्या दिवशी ढग होते. ढगाळ दिवशी डोंगरावर एक विचित्र प्रकार होतो. उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली पडत नाही. वर आभाळ पांढरं, खाली जमीन पांढरी. सावलीच नसल्यामुळे गुडघ्याएवढा खड्डासुद्धा दिसत नाही, पाय गेल्यावरच कळतो. गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावर तर झाडंही नाहीत, म्हणजे नजर टेकवायला काळा ठिपका नाही. अशा उजेडात पिवळी, गुलाबी किंवा तांबूस छटेची, जास्त टक्क्याची काच उपयोगी पडते. ती निळसर प्रकाश कमी करते आणि उंचसखलपणा थोडा उठून दिसतो. जादू होत नाही, पण गॉगल वर सरकवायची पाळी येत नाही. उन्हाच्या दिवसाला करडी किंवा तपकिरी काच बरी.

दुकानात बाहेरून दिसणाऱ्या रंगावर जाऊ नका. निळा, लाल, सोनेरी हा वरचा आरशासारखा मुलामा असतो. तो थोडी चमक परत फेकतो, पण तुम्हाला दिसणार असतो आतला रंग. गॉगल डोळ्यांजवळ धरून दुकानाच्या दाराबाहेर बघा, तो रंग खरा. मुलांना वरचा रंग निवडू द्या, आतला रंग आणि टक्का तुम्ही निवडा.

एकच काच घ्यायची असेल तर एस २ घ्या, तांबूस किंवा गुलाबी छटेची, २० ते ३५ टक्क्यांच्या मधली. ती कुठल्याच दिवशी सर्वोत्तम नसते, पण कुठल्याच दिवशी काढून ठेवावी लागत नाही. दोन घेणार असाल तर एक एस ३ आणि एक एस १. काही गॉगलमध्ये काच चुंबकाने किंवा खटक्याने बदलता येते. दुकानातच हातमोजे घालून ती बदलून बघा आणि फ्रेम जरा झटकून बघा. पडल्यावर काच निघून उडाली तर ती बर्फात सापडत नाही.

दुसरं कारण वाफेचं. करोनात मास्क लावून चष्मा घातलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. तोंडाची ऊबदार, ओलसर हवा थंड काचेला लागली की तिचं पाणी होतं. बर्फात चेहरा घामेजलेला आणि काच शून्याखाली, मग विचारायलाच नको. यावरचा उपाय अमेरिकेतल्या सन व्हॅलीच्या बॉब स्मिथ नावाच्या दातांच्या डॉक्टरांनी शोधला, तोही त्याच १९६५ च्या सुमारास. त्यांना बर्फात स्की करायचा नाद होता. त्यांनी एका काचेऐवजी दोन काचा घेतल्या, मध्ये हवेचा बंद थर ठेवला आणि कडेला हवा खेळेल असा फोम लावला. बाहेरची काच गार पडते, पण मधल्या हवेमुळे आतली तेवढी गार पडत नाही आणि वाफ धरायला उशीर लागतो. थर्मासचं तत्त्व याच्या जवळचं, सरांनी नववीत शिकवलेलं. तेव्हा दुहेरी काच असल्याशिवाय गॉगल घेऊ नका. वर आणि खाली हवेची छिद्रं हवीत आणि आतल्या बाजूला वाफ न धरणारा लेप हवा. दोन काचांच्या मध्येच धुकं दिसत असेल तर सील गेलेलं आहे, तो गॉगल तिथेच ठेवा. भाड्याच्या गॉगलमध्ये हे मी बऱ्याचदा पाहिलं.

वापरण्यातही काळजी हवी. मफलर किंवा तोंडावरचं कापड गॉगलच्या खाली खुपसू नका, श्वास थेट आत जातो. गॉगल कपाळावर किंवा ओल्या लोकरी टोपीवर चढवू नका, घाम आणि बर्फ आत भरतो. स्नोबोर्डवाले बूट बांधायला सारखे बर्फात बसतात, त्यांच्या बाबतीत हे फार होतं. आत बर्फ गेला तर झटका, मऊ कापडाने टिपून घ्या, पण पुसू आणि घासू नका. ओला लेप घासला की निघतो आणि मग तो गॉगल रोज वाफ धरतो. रात्री हॉटेलातल्या बुखारीच्या अगदी जवळही ठेवू नका, खोलीत लांब, मोकळ्या हवेत सुकू द्या.

तिसरं कारण, चेहऱ्यावर न बसणं. गॉगल पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर टेकवा. फोम सगळीकडे सारखा टेकला पाहिजे, गालावर, कपाळावर आणि विशेषतः नाकापाशी. आपल्यातल्या पुष्कळांच्या नाकाचा वरचा भाग बसका असतो आणि परदेशी बांध्याच्या गॉगलमध्ये तिथे फट राहते. त्या फटीतून खालून येणारा उजेड सरळ डोळ्यांत जातो. यासाठी कमी उंचीच्या नाकासाठी वेगळा बांधा मिळतो, तो मागा. नाकपुड्या दाबल्या जाऊन श्वास अडत असेल तर तो गॉगल दुपारपर्यंत निघणारच.

गॉगल घ्यायला जाताना हेल्मेट बरोबर न्या. हेल्मेटची पुढची कड आणि गॉगलची वरची कड यांच्यात बोटभर फट राहिली तर कपाळ गारठतं. उलट हेल्मेट गॉगलला खाली ढकलत असेल तर तो नाकावर बसतो. दोन्ही नकोत. पट्टा हेल्मेटवरून पुरेल इतका लांब हवा आणि त्याच्या आत रबरी पट्टी हवी, म्हणजे घसरत नाही.

स्नोबोर्डिंगला आणखी एक गोष्ट बघावी लागते, स्कीवाल्यांना तिची एवढी गरज नसते. बोर्डवर माणूस आडवा उभा असतो. डावा पाय पुढे असेल तर तो डाव्या खांद्यावरून पुढचं बघतो आणि त्याच्या पाठीमागून काय येतंय ते त्याला दिसत नाही. आपल्या जुन्या स्कूटरला आरसा नसला की जे व्हायचं, तसंच. म्हणून गॉगलमधून बाजूचं जितकं जास्त दिसेल तितकं चांगलं. दुकानात सरळ आरशात बघू नका. आडवे उभे राहा, पुढच्या खांद्यावरून बघा आणि बरोबरच्या माणसाला मागच्या बाजूने हळूहळू हात पुढे आणायला सांगा. हात कुठे आल्यावर दिसला ते दोन-तीन गॉगलमध्ये ताडून बघा. गोलाकार, फुगीर काचेत सहसा जास्त दिसतं. सपाट वाकवलेल्या काचेचा गॉगल स्वस्त असतो आणि शिकाऊ माणसाला चालतोही, बाजूची फ्रेम मध्ये येत नाही एवढं मात्र बघा.

चौथं कारण आपल्या वयाचं. या सभागृहात चष्मा नसलेले किती, हात वर करा. बघा, पाच. आणि त्यांतल्या दोघांनी तो खिशात ठेवलाय. चष्म्यावर घालायचे गॉगल वेगळे येतात, त्यांची खोली जास्त असते आणि फोमला कडेने चष्म्याच्या काड्यांसाठी खाच असते. त्यावर ओटीजी अशी अक्षरं असतात. चष्मा घालूनच ते घालून बघा. चष्म्याची काच गॉगलच्या काचेला टेकता कामा नये, नाहीतर दोन्हींवर ओरखडे येतात. बर्फात नेणारा चष्मा खऱ्या काचेचा नको, तोंडावर पडलात तर फुटतो. पॉलिकार्बोनेटचा, लहान फ्रेमचा एक साधा लांबचा नंबर करून घ्या. प्रोग्रेसिव्ह घालून पायाखाली बघताना उंची चुकते, हे जिने उतरणाऱ्यांना माहीतच आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी रोज फेकायच्या लेन्स न्याव्यात आणि चष्माही बरोबर ठेवावा, कारण कोरड्या, उंच हवेत डोळे सुकतात. आणि ज्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं किंवा लेसरचं ऑपरेशन झालंय, काचबिंदू आहे, मधुमेहाने पडदा नाजूक झालाय, त्यांनी निघण्याआधी आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं. ते मी सांगू शकत नाही आणि सांगणार नाही.

लहान मुलांबद्दल दोनच वाक्यं. मुलांच्या डोळ्यातलं भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे आपल्यापेक्षा जास्त अतिनील किरण आत पोचतात. म्हणून त्यांना आपला जुना गॉगल देऊ नका, आणि आपल्या आयांनी गणवेश जसा वाढत्या अंगाचा शिवला तसा गॉगलही वाढत्या अंगाचा घेऊ नका, सैल गॉगल खाली सरकतो आणि मूल तो खिशात घालतं.

चहाच्या वेळी मला तिघांनी तीन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं सगळ्यांसाठी देते. पोलराइज्ड घ्यावा का? त्याने चमक कमी होते, डोळ्यांना गार वाटतं. पण कडक बर्फाचा चकाकणारा पट्टा हा घसरण्याचा इशारा असतो आणि काहींना या काचेतून तो कमी ओळखू येतो. शिकणाऱ्याला त्याची गरज नाही. उन्हात आपोआप काळी होणारी काच घ्यावी का? सोय आहे, पण थंडीत ती जास्त काळी होते आणि परत उजळायला वेळ लावते. उन्हातून एकदम ढगात शिरलात तर थोडा वेळ अंधारात चालता. आणि भाड्याने घ्यावा का? बोर्ड भाड्याने घ्या, बूट भाड्याने घ्या, हेल्मेटही नीट तपासून घ्या. गॉगल मात्र स्वतःचा घ्या. भाड्याच्या गॉगलचा टक्का कुणी सांगत नाही, ओरखडे असतात, फोम दुसऱ्याच्या घामाने भिजलेला असतो. किंमत मी सांगत नाही, स्मरणिका छापून येईपर्यंत ती बदलेल. पण विमानाचं तिकीट, हॉटेल, गोंडोला, शिकवणी या सगळ्या खर्चात गॉगलचा वाटा फार लहान आहे, आणि तो न घेतल्यामुळे दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले तर बाकीचा सगळा खर्च वाया जातो.

एवढं करूनही कुणाला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं तर डोळे चोळायचे नाहीत, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची, अंधारात पडायचं, गार ओला रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. बधिर करणारे थेंब कुणाच्या सांगण्यावरून स्वतः घालत राहायचे नाहीत, त्याने जखम भरायला उशीर होतो. लाज वाटून सकाळपर्यंत लपवायचं तर मुळीच नाही. मला फोन करा, मी जागीच असेन. या वयात झोप तशीही येत नाही.

आता शेवटची विनंती. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता गुलमर्गला येणाऱ्या सगळ्यांनी आपापला गॉगल, हेल्मेट आणि चष्मा घेऊन माझ्या दुकानात यायचं. यूव्ही तपासून देईन, चेहऱ्यावर बसतो का ते बघेन, मुलांना आडवं उभं करून बाजूचं किती दिसतं ते मोजेन. ज्यांनी अजून घेतला नसेल त्यांना कुठला टक्का मागायचा ते चिठ्ठीवर लिहून देईन. चहा माझ्याकडून, चिक्की तुमच्याकडून. ज्या मैत्रिणीच्या मुलाची गोष्ट सांगितली, तो मुलगाही येणार आहे. या वेळी त्याने एस १ आणि एस ३ अशा दोन काचांचा गॉगल घेतलाय आणि आपल्या सहा नवशिक्यांना तोच पहिले दोन दिवस सांभाळणार आहे.

सर, बाई, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मागच्या बाकावरचा एक जण मध्येच झोपला होता, त्याचं नाव मी बाईंना नंतर सांगेन. एवढं बोलून थांबते.